जुना सर्फबोर्ड घेताय? होडी तपासता तसा तपासा, पण होडीचं रेझिन लावायची घाई नको



एप्रिल उजाडला की मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पर्यटक परतीला लागतात. सर्फिंगचे क्लास आवरायला घेतात आणि जुने बोर्ड विक्रीला निघतात. मग आपल्या घरांतून एकच धोशा सुरू होतो, "बाबा, एक बोर्ड स्वस्तात मिळतोय, घेऊया?"

पोरांचं चुकत नाही. हंगामभर ती क्लासमध्ये बोर्ड उचलतात, धुतात, पर्यटकांना लाटेवर ढकलतात. क्लास बंद झाला की बोर्ड गेला आणि शिकणंही थांबलं. स्वतःचा बोर्ड असेल तर पोरगं पुढच्या हंगामात मदतनीस न राहता शिकवणारा होऊ शकतं. चेन्नईजवळच्या कोवलमला मूर्ती मेगवन या मच्छीमारानेच गावातल्या पोरांना सर्फिंगला लावलं. २०२५ साली महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, तिथे आपल्या देशाच्या रमेश बुधिहाळने कांस्यपदक मिळवलं. म्हणजे हा नुसता गोऱ्यांचा खेळ उरलेला नाही.

पण पैसे आपल्या खिशातून जायचे असतात. ते जाळ्याच्या किंवा इंजिनाच्या कामातून बाजूला काढलेले असतात. म्हणून हा लेख नीट वाचा.

गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाच्या मुलाने जुना बोर्ड घेतला. कडेला मुठीएवढी जागा फुटलेली होती. घरात होडीचं रेझिन होतं, बापाला फायबरचं काम येत होतं. संध्याकाळी रेझिन ओतून मॅट लावली. सकाळी बघतात तर मुठीएवढ्या भोकाच्या जागी आत नारळ मावेल एवढा खड्डा. रेझिनने आतला फोम खाऊन टाकला होता. फायबरचं काम येणाऱ्या घरातच हे झालं, म्हणून सांगतोय.

बोर्ड कशाचा असतो ते आधी समजून घ्या

आपली फायबर होडी म्हणजे मॅट आणि रेझिनचे जाड थर. बोर्ड म्हणजे आत हलका फोम आणि त्यावर फायबरचं पातळ कवच. जुन्या बाजारात तीन प्रकार दिसतील.

१) पीयू बोर्ड. आत पॉलियुरेथेन फोम, वर काचेचं कापड आणि बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे आपल्या होडीच्याच जातीचं. मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची बारीक पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. उन्हाने हा बोर्ड पिवळा पडतो.

२) इपॉक्सी बोर्ड. आत थर्माकोल, वर इपॉक्सी रेझिन. वजनाला हलका, पाण्यावर उंच तरंगतो. फुटलेल्या जागी बघितलं तर थर्माकोलचे गोल दाणे दिसतात.

३) सॉफ्ट बोर्ड. क्लासमध्ये वापरतात तो. आत बहुतेक थर्माकोलच, वरून मऊ फोमची कातडी, खालून गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा. डोक्याला लागला तरी खोक पडायची भीती कमी.

कुठला घ्यायचा?

स्वस्तात हमखास दिसतो तो सहा फुटांचा, टोकदार, देखणा बोर्ड. पोरांना तोच आवडतो. पण तो मुरलेल्या सर्फरचा बोर्ड. शिकणाऱ्याच्या पोटाखाली तो अर्धा बुडतो, हाताने वल्हवून लाट गाठता येत नाही. लहान होडीत जास्त माणसं बसवली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

बोर्डाची तरंगण्याची ताकद लिटरमध्ये मोजतात. बऱ्याच बोर्डांवर खालच्या बाजूला हा आकडा लिहिलेला असतो. शिकणाऱ्यासाठी सोपा हिशोब असा, की जेवढे किलो वजन, निदान तेवढे लिटर, आणि वर थोडे जास्त असतील तर उत्तम. ६० किलोच्या पोराला ६० लिटरच्या वरचा बोर्ड हवा. सहा फुटी टोकदार बोर्ड साधारण ३० लिटरचा असतो. आठ फुटी सॉफ्ट बोर्ड त्याच्या दुपटीहून जास्त. हंगामात आपल्याकडच्या लाटा लहान आणि दमाने कमी असतात, त्यामुळे मोठा बोर्डच उपयोगी.

थोडक्यात, पहिला बोर्ड साडेसात ते नऊ फूट, रुंदीला २२ इंचांच्या आसपास. सॉफ्ट मिळाला तर सगळ्यात बरं.

तपासणी : होडीला लावता तोच डोळा, तोच हात

१) मेण काढायला सांगा. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर मेण लावलेलं असतं. त्याच्या थराखाली तडे लपतात. जरा वेळ उन्हात ठेवून प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडलं की मेण निघतं. विकणारा "राहू दे" म्हणाला तर का म्हणतोय ते विचारा. मोठे स्टिकर आणि मध्येच मारलेला रंग दिसला, तर तिथेही बोट फिरवून बघा.

२) एका टोकाकडून डोळा लावून बघा. होडीचा कणा सरळ आहे का बघतो तसं. बोर्डाच्या मध्यावर आडवी घडी किंवा सुरकुती दिसली, त्यातही वर आणि खाली एकाच रेषेत, तर बोर्ड वाकून आतून मोडत आलाय. लाकडाची पट्टी तिथेच तडकलेली असते. असा बोर्ड फुकट मिळाला तरी नको. सॉफ्ट बोर्डात ही घडी खालच्या प्लास्टिकवर दिसते.

३) अंगठ्याने दाबा, नाण्याने वाजवा. कवच फोमला चिकटलेलं असेल तर जागा घट्ट लागते, आवाज सगळीकडे सारखा येतो. सुटलं असेल तर अंगठ्याखाली पापुद्रा आत-बाहेर होतो, आवाज भद्द येतो. उभं राहताना पाय पडतात त्या जागा जास्त तपासा. टाचेने पडलेले उथळ खळगे चालतात, ते प्रत्येक वापरलेल्या बोर्डाला असतात. पोकळ लागणारी जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर सोडून द्या.

४) वजन करा. मासळीचा काटा घेऊन जा. एकाच जातीचे, एकाच मापाचे दोन बोर्ड असतील तर दोन्ही तोला. एक बराच जड भरला तर आत पाणी आहे. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये एकदा पाणी शिरलं की ते लवकर निघत नाही. वीसेक मिनिटं उन्हात, फुटलेली बाजू खाली करून ठेवा. थेंब गळायला लागले तर किंमत तिथेच पडली असं समजा.

५) तड्याचा रंग बघा. सगळा बोर्ड एकसारखा पिवळा असेल तर ते ऊन आहे, घाबरू नका. पण एखाद्या तड्याभोवतीच तपकिरी डाग असेल, तर तिथून पाणी बराच काळ आत जातंय.

६) फिन हलवून बघा. शेपटीखालचे पंख म्हणजे फिन. ते ज्या खाचेत बसतात तिच्याभोवती केसासारखे तडे आहेत का बघा. फिन धरून हलकेच हलवा. खाच हलली तर काम मोठं आहे. फिनचीही दोन मुख्य घराणी आहेत, एफसीएस आणि फ्युचर्स. एफसीएसला खाली दोन दाते असतात, फ्युचर्सला एकच लांब पट्टी. एकाचे फिन दुसऱ्यात बसत नाहीत. फिन हरवलेला बोर्ड घेताना नवीन फिनची किंमत आधी विचारून ठेवा.

७) लीशची वाटी. पायाला बांधायची दोरी म्हणजे लीश. ती शेपटीजवळच्या छोट्या वाटीत अडकवतात. त्या वाटीतली आडवी सळी घट्ट आहे का, वाटीभोवती तडा आहे का, ते ओढून बघा.

८) जुनी डागडुजी. झालेली असणारच, त्यात वाईट काही नाही. कड सपाट आहे का, दाबल्यावर घट्ट लागते का, एवढं बघा. कोणत्या रेझिनने केली तेही विचारा.

रेझिन : इथेच आपली माणसं फसतात

होडीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. त्याचा उग्र वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हे स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. म्हणून पीयू बोर्डाला चालणारं होडीचं रेझिन इपॉक्सी बोर्डाच्या उघड्या फोमवर पडलं की फोम वितळत जातो. वर सांगितलेल्या घरात हेच झालं.

बोर्ड कुठल्या जातीचा ते कळत नसेल तर फुटलेल्या जागेतून फोमचा नखाएवढा तुकडा काढा. तो वाटीत ठेवून त्यावर रेझिनचे दोन थेंब टाका, हार्डनर न घालता. थोड्या वेळात तुकडा विरघळून चिकट झाला तर तो थर्माकोल. तसाच राहिला तर पीयू. ही परीक्षा तुकड्यावरच करायची, बोर्डावर नाही.

तरीही शंका असेल तर सरळ इपॉक्सी वापरा. इपॉक्सी दोन्ही फोमना चालतं आणि जुन्या पॉलिएस्टरवरही धरतं. उलट, सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

इपॉक्सीचं काम मात्र आपल्या सवयीपेक्षा वेगळं आहे. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हार्डनर अंदाजाने घालायचा नाही. पॉलिएस्टरमध्ये आपण लवकर सुकावं म्हणून थोडा जास्त टाकतो. इपॉक्सीत डब्यावर लिहिलेलं प्रमाण काट्यावर मोजूनच. कमी-जास्त झालं तर ते कधीच नीट सुकत नाही, चिकट राहतं.

दुसरी, होडीची मॅट वापरू नका. मॅटचे धागे डिंकाने धरलेले असतात, तो डिंक स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. शिवाय होडीची ३०० किंवा ४५० ग्रॅमची मॅट बोर्डाला फार जड. बोर्डाला विणलेलं पातळ काचेचं कापड लागतं, चौरस मीटरला १३५ ते २०० ग्रॅमचं.

तिसरी, आधी सुकवा. फुटलेली जागा थोडी मोकळी करा, मीठ जाईल असं गोड्या पाण्याने धुवा, मग ती बाजू खाली ठेवून सावलीत बरेच दिवस राहू द्या. ओल्या फोमवर लावलेला थर पुढच्या उन्हाळ्यात फुगून सुटतो.

चौथी, भर दुपारी काम नको. ऊन चढतं तशी फोममधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी, हवा थंड होत असताना लावा. पावसाळ्यातही टाळा, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट पांढरट थर येतो. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा हात मोकळे असतात हे खरं, पण बोर्डाचं काम मे महिन्यातच उरका.

सॉफ्ट बोर्डाची कातडी आणि खालचं प्लास्टिक यांना कुठलंच रेझिन नीट चिकटत नाही. तिथे थर्माकोलला चालणारा गोंद लागतो. चपलेचा उग्र वासाचा गोंद लावाल तर त्यातल्या द्रावणानेही आतला फोम वितळू शकतो.

हातमोजे आणि चष्मा दोन्ही कामांना हवेच. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. पोरांना एकट्याने हे काम करू देऊ नका.

पैशांचा हिशोब

सगळे पैसे बोर्डात घालू नका. समजा हातात १२ हजार आहेत, तर बोर्ड ९ हजारांपर्यंतच बघा. उरलेले लीश, मेण, लागले तर फिन आणि डागडुजीसाठी ठेवा. बोर्ड पाहताना दुरुस्तीचा अंदाज काढा आणि तो किमतीतून वजा करायला सांगा. किरकोळ तडे असलेला, कोरडा, सरळ बोर्ड हा चांगला सौदा. चकचकीत पण जड बोर्ड हा तोट्याचा.

लीश मात्र नवीनच घ्या. जुन्या लीशमध्ये बारीक चिरा असतात, भर लाटेत तुटते आणि मोकळा बोर्ड दुसऱ्याच्या अंगावर जातो. लांबी बोर्डाएवढी असावी. तिच्याऐवजी जाळ्याची नायलॉन दोरी बांधू नका. लीश रबरासारखी ताणते आणि पट्टा ओढला की पाय सुटतो. दोरी पायाला काचते आणि अडकली तर पाण्याखाली गाठ सुटत नाही.

विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या : कोणी, कोणाला, किती रुपयांना, तारीख, बोर्डाचा फोटो. चोरीचा बोर्ड निघाला तर निस्तरायला आपलंच पोरगं पुढे असतं.

घेतल्यावर

बोर्ड वाळूत उन्हात टाकू नका, बंद गाडीत तर नकोच. उष्णतेने कवच सुटतं. होडीच्या झावळ्यांच्या मांडवात, सावलीत, गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. तडा दिसला की त्या दिवसापुरती चिकटपट्टी लावून बाहेर या, "आजचा दिवस होऊ दे" करू नका.

रापण ओढतात तिथे आणि होड्या उतरवतात त्या वाटेवर बोर्ड नको. फिनने जाळं फाटतं आणि जाळ्यात पाय अडकला तर जीव जातो. पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात कोणीही उतरायचं नाही. जीवरक्षकांचा लाल बावटा आपल्या पोरांनाही लागू आहे. दर्या आपल्या ओळखीचा आहे म्हणून तो आपल्याला सूट देत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेवटी एकच. आपल्याकडे पैसा कमी असेल, पण फायबर ओळखणारा हात घराघरात आहे. शहरातून आलेल्या गिऱ्हाइकाकडे तो नसतो. म्हणून पोराला एकट्याला सौद्याला पाठवू नका, बरोबर जा. दाबून बघा, वाजवून बघा, तोलून बघा. आणि डबा उघडण्याआधी आतला फोम कुठला ते विचारा.

बोर्ड घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी संस्थेच्या कार्यालयात घेऊन या. फायबरचं काम करणारे आपले सभासद बघून सांगतील. ज्या घरात पोरं क्लासला जातात, त्यांच्यापर्यंत हे नक्की पोचवा.